पुनवेची ओहोटी

डोंबिवलीहून पहाटेची धीमी लोकल तुम्ही पकडली आहे. रविवार आहे, म्हणून खिडकी मिळाली. कोपर गेलं, दिवा गेलं, मुंब्र्याला डोंगर अंगावर आला आणि मागे पडला. कळवा सुटलं की गाडी खाडीवर येते. डब्यातली दोन-तीन माणसं सवयीने नाकाला रुमाल लावतात. तुमचाही हात खिशाकडे जातो.

आज तेवढा थांबवा. बाहेर बघा. पलीकडे येऊरच्या डोंगरावर पौर्णिमेचा चंद्र टेकला आहे. पाणी पार उतरलंय. उघड्या पडलेल्या चिखलावर चांदणं सांडलंय आणि त्यावरून कुणीतरी ओळीने चालत येतंय, डोक्यावर पाट्या घेऊन. डोळे बारीक करून बघता बघता रुळांचा खडखडाट बंद होतो. डबा नाही, खिडकी नाही. पायाखाली गार, मऊ चिखल आहे आणि तुम्ही त्यात पोटरीपर्यंत रुतलेले आहात.

साल १८५४. मार्गशीर्षातली पौर्णिमा. ठाण्याची खाडी.

सगळ्यात आधी जाणवतो तो वास. ओल्या मिठाचा, कुजलेल्या तिवरपानांचा, मासळीचा. उग्र आहे, पण नाक झाकावंसं वाटत नाही. हा खाडीचा स्वतःचा वास. पुलावर ज्या वासाने तुम्ही रुमाल काढत होता, तो तिला आपण दिलेला होता.

मग ऐकू येतात ते छोटे छोटे आवाज. चिखल बुडबुडतोय. निवट्या शेपटीवर उड्या मारत एका डबक्यातून दुसऱ्यात जातायत. बिळाच्या तोंडाशी एक इवलासा खेकडा एकच मोठी नांगी वर-खाली करतोय. तिवरांच्या बुडाशी पेन्सिलीएवढी मुळं चिखलातून हजारोंनी वर आली आहेत, झाडाला श्वास घेता यावा म्हणून. पूर्वेला पारसिकच्या डोंगरामागे आभाळ राखाडी व्हायला लागलंय. इकडे चंद्र मावळतोय, तिकडे सूर्य उगवणार आहे, आणि या दोघांच्या मध्ये, दोघांनी मिळून ओढून नेलेल्या पाण्याच्या जागी, तुम्ही उभे आहात.

पाट्या घेतलेल्या बायका जवळ येतात. चेंदणीच्या कोळणी. लुगडं गुडघ्याच्या वर घट्ट कासलेलं, केसांत कालचं कोमेजलेलं फूल. हातात लोखंडाचं टोकदार, वीतभर हत्यार. पुढे चालणारी म्हातारी साठीच्या पुढची असावी. चिखलात पाय कसा टाकायचा हे तिला विचारावं लागत नाही. तिचा पाय रुततच नाही. ती तुमच्याकडे एकदा बघते.

"गाव कंचा तुजा?"

डोंबिवली, असं तुम्ही सांगता. तिला ते ठाऊक आहे. "तिकरं भात चांगला होतं," ती म्हणते. आणि हो, डोंबिवलीत आज भातखाचरंच आहेत. तिथे अजून आगगाडी थांबतही नाही.

"चल मागना. पाय जपून. कालवा कापतान."

कालवं! आज इथे येण्याचं कारण तेच. फ्रान्समध्ये, ब्रिटनीच्या किनाऱ्यावर कांकाल नावाचं एक गाव आहे. लोक दुरून एका दिवसाच्या सहलीला तिथे जातात, ते कालवं खायला. बंदराच्या धक्क्याजवळ टपऱ्या असतात. बशीत डझनभर कालवं घ्यायची, लिंबू पिळायचं, पायऱ्यांवर बसून समुद्राकडे बघत कच्चीच गिळायची आणि रिकामे शिंपले खालच्या किनाऱ्यावर टाकायचे. तिथली भरती-ओहोटी युरोपातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. उधाणाला पाणी चौदा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. ओहोटीला कालवांची शेती उघडी पडते, रांगाच्या रांगा. चौदाव्या लुईच्या ताटातही कांकालची कालवं जायची. ते गाव बघायला जगभरातून माणसं जातात, आपल्याकडचीही जातात, फोटो काढतात. मला ते गाव आवडतं. पण तिथे जाणाऱ्या ठाणेकराला आणि डोंबिवलीकराला एकदा या पहाटे, या चिखलात आणून उभं करावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

म्हातारी चालता चालता बोटांची पेरं मोजते. तिला घड्याळ नाही, लागतही नाही. किनाऱ्यावरचं जुनं गणित आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, भरती पुरी होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. मुंबईच्या बंदरात उधाणाची भरती दुपारी बाराच्या आगेमागे लागते, म्हणजे ओहोटी पहाटे सहाच्या सुमारास. ठाणं खाडीच्या पार आत, म्हणून इथे पाणी थोडं उशिरा पोचतं आणि थोडं उशिरा उतरतं. एरवी भांगाच्या दिवसांत पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. पुनवेला आणि अवसेला मात्र ते इतकं मागे जातं की वर्षातले बाकीचे दिवस बुडालेले दगड उघडे पडतात. म्हणून आजचा दिवस. म्हणून ही घाई. हाताशी जेमतेम दोन तास आहेत.

डावीकडे किल्ल्याची भिंत दिसायला लागते. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ साली मराठ्यांकडे आलेला, १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलेला. आता त्यात कैदी ठेवतात. म्हातारीच्या आजीने मराठ्यांचा अंमल डोळ्यांनी पाहिला होता. ती स्वतः तरणीताठी होती तेव्हा, १८१६ साली, पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्याच्या कैदेतून पळाला. कोळीवाड्यात आठ दिवस दुसरं बोलणं नव्हतं, ती सांगते. सांगताना हत्याराने भिंतीकडे बोट केल्यासारखं करते आणि लगेच दगडांकडे वळते. राजे बदलले, तिच्या ओहोट्या तशाच राहिल्या.

दगड लांबून काळेकरडे दिसतात. जवळ गेलं की कळतं, हा दगडाचा रंगच नाही. सगळा दगड कालवांनी मढलेला आहे. एकावर एक, एकात एक, वेडीवाकडी, कडा सुरीसारख्या. कालव तिसऱ्यांसारखं हातात सुटं येत नाही. त्याचं पिल्लू आधी पाण्यात दोन-तीन आठवडे तरंगतं, दिसतही नाही इतकं लहान. मग त्याला टणक जागा लागते: खडक, बंदराची भिंत, तिवराचं खोड, दुसऱ्या कालवाचा शिंपला. जागा मिळाली की ते आपला डावा शिंपला तिथे चिकटवतं आणि जन्मभर तिथून हलत नाही. पुढे जे काही खायचं ते पाणी आणून देईल, यावर त्याचा सगळा संसार.

म्हातारी उकिडवी बसते. तिचा हात बघा. एका कालवाच्या सांध्यावर ती हत्याराचं टोक ठेवते, मनगट किंचित वळवते, टक् असा आवाज होतो आणि वरचा शिंपला उडतो. आत राखाडी-पांढरा, ओलसर, थरथरता गोळा, कडेला काळी झालर. टोकानेच तो उचलून ती पाटीतल्या मडक्यात टाकते. खालचा शिंपला दगडावर तसाच. पुढचं कालव. टक्. पुढचं. तुमच्या एका श्वासात तिची तीन कालवं होतात. शेजारची सून तितकी चपळ नाही. तिच्या अंगठ्याला कडा लागते, रक्त येतं; ती बोट खाऱ्या पाण्यात बुडवते आणि पुन्हा कामाला लागते.

तुम्ही एक हत्यार मागून घेता. तुमच्या पहिल्या घावाने शिंपल्याची कच होते, गोळा फुटतो. म्हातारी हसत नाही. तुमचं मनगट धरून टोक योग्य जागी ठेवते. आणखी एक गोष्ट ती तुम्हाला बोटाने दाखवते: दगडावर राहिलेल्या जुन्या पांढऱ्या शिंपल्यात, वाटीच्या आत, नखाएवढी चार-पाच नवी कालवं बसली आहेत. रिकामा शिंपला हे पुढच्या पिढीचं घर. म्हणून तो खरवडून न्यायचा नाही. आणि लहान कालवांना हात लावायचा नाही, ती पुढच्या पुनवांची. हे तिला कुठल्या खात्याने शिकवलेलं नाही.

तुमची पाठ थोडी पाण्याकडे वळली आहे. ती खांद्याला धरून तुम्हाला वळवते. "पान्याला पाठ दावू नुको, बाला."

उजाडतं तसा खाडीवरचा पूल दिसू लागतो. अगदी नवा. गेल्या वर्षी, १६ एप्रिल १८५३ला, बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी चारशे पाहुणे घेऊन ठाण्याला आली. या वर्षी १ मेपासून ती खाडी ओलांडून कल्याणला जायला लागली. त्यासाठी दगडी कमानींचे हे पूल. होड्यांना वाट राहावी म्हणून मधला गाळा मोठा सोडलेला. लोकांनी या पुलाची फार नवलाई केली, अजूनही करतात. तुम्ही त्याच्या बुडाशी जा. भरतीच्या रेघेखाली, घडीव दगडांवर बघा. पाऊस संपून तीन महिने झाले नाहीत, आणि दगडांवर पांढरे ठिपके आहेत, शेकड्यांनी. बोट फिरवलं तर खरखरीत लागतात.

"दगर सायबाचा," म्हातारी म्हणते, "कालवा आमची."

नेमकं याच सुमाराला फ्रान्समध्ये व्हिक्टर कोस्त नावाचा एक शास्त्रज्ञ याच गोष्टीचा विचार करतो आहे. तिकडची कालवं अतोनात उपशाने संपत चालली होती. कोस्त इटलीच्या किनाऱ्यावर गेला, तिथल्या एका खाऱ्या तळ्यात मच्छीमार फांद्यांच्या मोळ्या पाण्यात रोवून कालवांची पिल्लं धरतात हे त्याने पाहिलं, आणि १८५५ साली त्यावरचं पुस्तक छापलं. तिसऱ्या नेपोलियनने पाठबळ दिलं. १८५८मध्ये ब्रिटनीच्या एका उपसागरात कालवं पेरून बघितली गेली, मग आर्काशोंच्या खाडीत. तिथे पुढे चुन्याचा लेप दिलेली कौलं पाण्यात रचायची पद्धत निघाली. पिल्लं कौलांवर बसतात. चुना भुसभुशीत असल्यामुळे वाढल्यावर ती न फुटता सुटून येतात. एवढ्याशा युक्तीवर फ्रान्सची गावंच्या गावं उभी राहिली. आपल्या कोकणात उलटं होतं: शिंपले भाजून त्यांचा चुना करायचे आणि तो भिंतींत जायचा. चुना इथे होता, कौलं इथे होती, कालवं इथे होती, आणि कुठली पिल्लं कधी कुठे बसतात हे पाठ असलेल्या बाया इथे होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. ठाण्याच्या पुलाकडे बघणाऱ्या शेकडो शहाण्या माणसांपैकी एकानेही त्याच्या पायाशी वाकून बघितलं नाही. ही खंत मला या पहाटे सगळ्यात जास्त सलते.

सूर्य पारसिकवर येतो. दूर, चिखलाच्या कडेला, एक पातळ चमकती रेघ सरकायला लागते. "पानी चरतंय." बायका उठतात. कुणी ओरडत नाही, कुणी धावत नाही, पण अर्ध्या घटकेत सगळ्या पाट्या डोक्यावर असतात. तुम्ही ज्या दगडावर बसला होता तो मागे वळून बघेपर्यंत ओला झालेला असतो.

चेंदणीत घरं कौलारू आणि काही गवताने शाकारलेली. अंगणात जाळी पसरली आहेत, दोरीवर बोंबील वाळतायत, कोपऱ्यात एक होडी उपडी करून तिच्या फटींत काहीतरी भरणं चाललंय. म्हातारी तुम्हाला ओट्यावर बसवते. चुलीशी तिची सून कालवं तीन पाण्यांत धुते आणि प्रत्येक गोळा बोटांनी चाचपते, कारण शिंपल्याची एक कच राहिली तरी दाताखाली येते. पाट्यावर खोबरं, लसूण, लाल मिरच्या. वरवंट्याचा आवाज घरभर. मडक्यात तेल, मग वाटण, हळद, मग कालवं. पाणी अजिबात घालत नाही ती. कालवं आपलंच पाणी सोडतात, त्यात खाडीचं मीठ असतं, म्हणून मीठही चिमूटभरच. शेवटी चिंचेचा कोळ. मडक्यावर परळ ठेवते आणि भाकरी थापायला बसते, तांदळाची.

पहिला घास घ्या. कालव चावायला मऊ, पण मधोमध किंचित ताणलेलं. चिंच आणि मिरची पुढे येते, मागे राहतं ते काहीतरी गोडसर, खारं, लोखंडासारखं. त्या चवीला दुसरं नाव नाही. ज्या पाण्यात ते वाढलं त्या पाण्याची ती चव असते. कालव पाणी आत घेतं, गाळतं, सोडतं. मोठं कालव बऱ्या दिवसात शंभर लिटरच्या घरात पाणी गाळू शकतं. त्या पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात उतरतं. १८५४च्या मार्गशीर्षात त्या पाण्यात मीठ आहे, शेवाळ आहे, तिवराच्या पानांचा गाळ आहे. म्हणून तुम्ही दुसरी भाकरी मागता आणि म्हातारी ती न बोलता वाढते.

दुपारी बायका उरलेली कालवं आणि सुकी मासळी घेऊन बाजाराकडे निघतात. तुम्ही स्टेशनाकडे. निरोप घेताना म्हातारी तुमच्या हातात एक शिंपला देते, दोन्ही झडपांचा, बंद. आतलं कालव जिवंत आहे. "पान्यात सोर," ती म्हणते. कुठल्या पाण्यात ते सांगत नाही.

कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही बसता. पूल येतो. भरती पुरी होऊन पाणी परतू लागलंय, पण खाडी अजून काठोकाठ आहे. खालून शिडाच्या होड्या जातायत: मीठ, भात, लाकूड. याच पाण्यावरून सातवाहनांच्या काळी कल्याण बंदराशी व्यापार चालायचा. ग्रीक खलाशांच्या प्रवासवर्णनात कल्याणचं नाव आहे. १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतलं आणि दुर्गाडीच्या पायथ्याशी मराठ्यांचं आरमार बांधायला सुरुवात झाली, तेही खाडीच्याच भरवशावर. इथली सगळी थोरवी पाण्यातून आली.

गाडी वेग घेते आणि तिच्याबरोबर वर्षंही. कळव्याला १८६३ लागतं, मागे ठाण्यात नगरपालिका होते. भातखाचरांत १८८७ साली डोंबिवलीचं स्टेशन उभं राहतं. १९१६मध्ये पारसिकच्या पोटातून सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा निघतो. १९४९ला फाळणीत घर गमावलेल्या सिंधी माणसांसाठी उल्हासनगर वसतं. आलेली माणसं उभी राहतात, पण त्यांच्या सांडपाण्याचा विचार कुणी त्यांच्यासाठी करत नाही. १ ऑगस्ट १९६२ला एमआयडीसी स्थापन होते, पहिली वसाहत ठाण्यातच, वागळे इस्टेट. मग ठाणे-बेलापूर पट्टा, मग डोंबिवलीचे रासायनिक कारखाने. हजारो घरांत चूल पेटते त्या पगारावर. माझ्याही ओळखीतल्या कितीतरी घरांत. १९७३ला वाशीचा पूल. १९८२ला ठाण्याची महापालिका, १९८३ला कल्याणची. खिडकीबाहेर दिवे वाढत जातात, तिवरं मागे सरतात. डंपरने भराव पडतो. खाडीतून रेती उपसली जाते. नाले एकेक करून मोठे होतात आणि सगळे एकाच दिशेला वाहतात.

खाडीचं काय झालं ते एका वाक्यात सांगता येणार नाही. सांडपाण्याने तिच्यातला प्राणवायू खाल्ला. कारखान्यांच्या पाण्याने तळाच्या गाळात जड धातू बसवले. भरावाने आणि पुलांच्या खांबांनी तिचा वेग मोडला, त्यामुळे गाळ साचत गेला आणि ती उथळ झाली. कालवाला टणक जागा लागते; दगडावर गाळाचा थर बसला की पिल्लाला पाय टेकायला जागा राहत नाही, आणि बसलेलं कालव गुदमरतं. चिखलातल्या शिंपल्यांच्या जाती कमी झाल्या, मासळीच्या कमी झाल्या. चेंदणी आणि कोपरीच्या कोळ्यांची होड्यांवरची पोरं नोकरीला लागली. नारळी पौर्णिमेला आजही चेंदणीत वाजतगाजत मिरवणूक निघते आणि खाडीला नारळ वाहिला जातो. तो नारळ मनापासूनचा असतो. ज्या पाण्यात तो पडतो त्याची लाज मात्र कोळीवाड्याला नव्हे, आपल्याला सगळ्यांना वाटली पाहिजे.

कल्याण. आजचं. तुम्ही फलाट बदलता आणि परतीची लोकल धरता. मुठीत तो शिंपला अजून आहे.

ठाण्याला उतरून ऐरोलीच्या बाजूला या. सगळं संपलं असं म्हणायला मी तुम्हाला इतक्या लांब नेलेलं नाही. हिवाळ्यात इथे फ्लेमिंगो उतरतात, १९९०च्या दशकापासून. काही हंगामांत त्यांची मोजणी लाखाच्या वर गेली आहे. ऐरोलीहून वनखात्याच्या बोटी सुटतात; गुलाबी थवा पाण्यावरून उठतो तेव्हा बोटीतली लहान पोरं गप्प होतात. ६ ऑगस्ट २०१५ला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२मध्ये ते रामसर स्थळ झालं, नांदूरमधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातलं तिसरं. हे मोलाचं आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की फ्लेमिंगो शेवाळ खातात, आणि सांडपाण्यातल्या खतावर शेवाळ माजतं असं अभ्यासक सांगतात. पाखरं आली म्हणजे पाणी शुद्ध झालं, असा अर्थ काढू नका. पाण्याची खरी साक्ष पाखरं देत नाहीत, ती दगडाला चिकटलेलं कालव देतं. त्याला उडून जाता येत नाही.

आणि कालवांची शेती? ती महाराष्ट्रात सुरू झालेली आहे. सिंधुदुर्गात, देवगड तालुक्यातल्या वाडातरला, बचत गटांतल्या बायकांनी खाडीत बांबूच्या चौकटी बांधल्या, दोऱ्यांवर कालवं वाढवली. राज्याच्या कांदळवन कक्षाने खाडीकाठच्या गावांसाठी जी उपजीविकेची योजना आणली, तिच्यातही कालवं आहेत, खेकडे आहेत. देवगडला जे होतं ते ठाण्याला का होऊ नये, असं तुम्ही विचाराल. बांबू ठाण्यात मिळतो. कष्ट करणाऱ्या बायका चेंदणीत, कोपरीत, दिव्यात, मोठागावात आजही आहेत. नाही ते फक्त पाणी. युरोपात कालवांच्या प्रत्येक खाडीला अ, ब, क असा दर्जा दिलेला असतो, कालवांत मैल्याचे जंतू किती सापडतात त्यावरून. अ दर्जाची कालवं थेट ताटात जातात, ब दर्जाची आधी स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करावी लागतात. दर्जा फार घसरला की विक्री थांबते, गावाचं पोट अडतं, म्हणून अख्खं गाव नगरपालिकेच्या मागे लागतं. कांकालचं वैभव लिंबात नाही आणि पायऱ्यांवर नाही. तिथल्या माणसांनी आपली भाकरी पाण्याच्या स्वच्छतेला बांधून घेतली, त्यात ते आहे. आपली भाकरी आपण खाडीपासून सोडवून घेतली आणि त्या दिवसापासून आपल्याला तिच्याकडे पाठ करून बसता आलं.

म्हातारीने दिलेला शिंपला आज या पाण्यात सोडायला माझा हात धजत नाही. तुमचाही धजणार नाही.

पण एक करा. येत्या पौर्णिमेला किंवा अमावास्येला, पहाटे साडेसहाच्या सुमारास, ठाणे पूर्वेला मीठबंदर रस्त्याने खाडीपर्यंत जा. पाणी उतरलेलं असेल. काठावरच्या दगडांकडे, खांबांच्या बुडाकडे नीट बघा. कालवं दिसतात का ते शोधा. खडकी कालवाची जात या खाडीतून अजून गेलेली नाही. दिसली तर काढू नका, खाऊ तर मुळीच नका. मुलांना बरोबर न्या, त्यांना मोजायला सांगा. आणि घरी आल्यावर आपल्या वॉर्डातल्या लोकप्रतिनिधीला, ठाण्यात असा की कल्याण-डोंबिवलीत, एकच प्रश्न लेखी विचारा: आमच्या घरातलं सांडपाणी खाडीत पडण्याआधी कुठल्या केंद्रात शुद्ध होतं, आणि ते केंद्र आज चालू आहे का? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.